झटकून वाळत घालताना

नातवाला आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळलं आणि अंग पुसायला लागले. टॉवेल हाताला लोण्यासारखा लागत होता. वासही सुरेख, कसल्याशा फुलांचा. पण पाणी काही टिपेना. पाठीवरून फिरवला की थेंब नुसते पुढे सरकायचे. पोर कुडकुडायला लागलं, तेव्हा मी खुंटीवरचा जुना पंचा ओढला. विरलेला, दोन ठिकाणी रफू केलेला. दोन हातांत अंग कोरडं झालं.

दिवसभर ते डोक्यातून जाईना. टॉवेलाला काम एकच, पाणी टिपायचं. नेमकं तेवढंच तो विसरला होता.

संध्याकाळी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, दोन-तीन महिने झाले, शेवटच्या पाण्यात कंडिशनर टाकतेय. आपल्या बोअरच्या पाण्यानं कपडे कसे करकरीत होतात, बघता ना तुम्ही. बाळाच्या अंगाला टोचतात." तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं काळजीपोटीच केलं होतं, आणि तिची तक्रार खरी होती. म्हणून मीही विषय तिथेच न सोडता खोलात जायचं ठरवलं.

आमचं वडगाव रासाई शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. नदी ओलांडली की दौंड तालुका. काळी जमीन आणि नजर जाईल तिथवर ऊस. घरात वापरायला बोअरचं पाणी, आणि ते जड. डाळ शिजायला वेळ घेते, बंबाच्या आत पांढरा थर धरतो, साबण घासून घासून हात दुखले तरी फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. मी कितीतरी वर्षं मुलांना ते फळ्यावर लिहून दिलं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते साबणाला धरतात आणि त्याचा चिकट साका होतो. तो साका फेस तर येऊ देत नाहीच, वर कापडाच्या विणीत जाऊन बसतो. धुण्याच्या पावडरीचं तसं होत नाही, पण फेस कमी दिसला की आपण मूठभर पावडर जास्त टाकतो आणि ती निघेपर्यंत खळबळत नाही. क्षार आणि उरलेली पावडर दोन्ही धाग्यांत राहतात. दुपारच्या उन्हात कापड वाळतं आणि पापडासारखं ताठ होतं.

आता कंडिशनर काय करतं ते बघा. सुती धाग्यावर पाण्यात असताना किंचित ऋण भार असतो. कंडिशनरमधला जो कामाचा पदार्थ, त्याचं एक टोक धन भाराचं आणि त्याला चरबीच्या कुळातल्या दोन लांब शेपट्या. धन टोक धाग्याला घट्ट धरतं, शेपट्या बाहेर राहतात. अशा असंख्य शेपट्यांचा मिळून धाग्यावर निसरडा लेप बसतो. आत क्षार होते तसेच, पावडर होती तशीच. बोट फिरतं ते लेपावरून, म्हणून मऊ लागतं. आणि तेलकट ताटावर पाणी ठरत नाही तसं त्या लेपावर पाणी आत शिरत नाही. दर धुण्याला थोडा थोडा लेप चढत जातो. तीन महिन्यांत आमचा टॉवेल पाणी प्यायचाच थांबला, यात नवल नव्हतं.

केस धुतल्यावर लावायचं कंडिशनर याच तत्त्वावर चालतं. पण केसांनी पाणी टिपायचं नसतं. टॉवेलानं, पंचानं, बाळाच्या दुपट्यानं, स्वयंपाकघरातल्या हातपुसण्यानं टिपायचं असतं. घाम शोषून घ्यायला म्हणून आपण सुती बनियन घालतो, आणि त्यालाच लेप देऊन घाम बाहेर ठेवतो. शेतातून आलेल्या माणसाच्या कपड्यांना हा लेप आणखी एक त्रास देतो. घाम आणि मळ त्याच्याखाली अडकतो, पुढच्या धुण्यात पुरता निघत नाही, आणि काही दिवसांनी फुलांच्या वासाखालून आंबूस वास यायला लागतो. मग वास दडवायला झाकणभर आणखी. हे चक्र मी माझ्या घरात पाहिलं.

या वस्तूचा उगम कसा झाला, तेही समजून घेण्यासारखं आहे. जुन्या साबणाचा थोडा स्निग्धपणा धाग्यावर राहायचा. कृत्रिम धुण्याच्या पावडरी आल्या आणि त्यांनी तो स्निग्धपणाही काढून टाकला. पाश्चात्त्य देशांत कपडे खरखरीत लागायला लागले, तेव्हा कापड गिरण्यांत वापरायचं मऊ करणारं द्रावण घरोघर विकायला आलं. म्हणजे एका बाटलीनं केलेलं निस्तरायला दुसरी बाटली. आपल्याकडे सर्फ १९५९ साली आलं, निरमा १९६९ साली सुरू झालं, आणि खेड्यापाड्यातल्या बायकांच्या हातातली साबणाची वडी हळूहळू मागे पडली. कंडिशनर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आमच्या किराणा दुकानात लटकलं, पुड्यांच्या माळेत, शाम्पूच्या शेजारी.

एक गोष्ट माळकरी घरांनी जरूर जाणून घ्यावी. अनेक वर्षं या द्रावणातल्या त्या शेपट्या जनावरांच्या चरबीपासून, मुख्यतः गुरांच्या चरबीपासून बनत. आता पामतेलापासूनही बनतात. पण कुठल्या बाटलीत कुठलं, याचा उलगडा वेष्टणावर सहसा नसतो. आमच्या घरात तुळशीमाळ आहे. हे कळल्यावर सून गप्प झाली, आणि मला वाटतं बाटली उचलून मागे ठेवायचं तिनं त्याच क्षणी ठरवलं.

पण मुळात उन्हात वाळलेलं कापड ताठ का होतं? क्षार आणि पावडर हे एक कारण. पण पाणी स्वच्छ असलं, साबण पुरता निघाला, तरी दोरीवरचा सुती टॉवेल ताठ होतो. याचं उत्तर शोधलं जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातल्या आणि काओ कंपनीतल्या संशोधकांनी. २०२० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कापड आपल्याला कोरडं वाटतं तेव्हाही सुताच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ अंश धरून राहिलेला असतो. तो साध्या पाण्यासारखा वागत नाही, डिंकासारखा वागतो, आणि शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवतो. कापड न हलता वाळलं की ही जखडण सगळीकडे बसते. काओ स्वतः कंडिशनर विकणारी कंपनी आहे, तरी त्यांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. कारण डिंक म्हटलं की तो मोडताही येतो. हातानं चोळलं, झटकलं, वाऱ्यानं हललं, की मोडतो.

हे वाचलं आणि मला आत्याबाई आठवल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणायची पद्धत. माझं लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा धुणं नदीवर असायचं. पाटीत धुणं, वर साबणाची वडी, डोक्यावर पाटी. काठावर दगड ठरलेले. कपडे दगडावर आपटायचे, घासायचे आणि मग वाहत्या पाण्यात सोडून खळबळायचे. पाणी साबण घेऊन पुढे निघून जायचं, मागून नवं पाणी यायचं. त्याला मोजदाद नव्हती, पाणी निवळेपर्यंत खळबळायचं एवढाच नियम. मग नऊवारी लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळायचं, उलगडायचं आणि झटकायचं. फट्ट असा आवाज नदीपलीकडे जायचा. मी नवी, माझ्या हातून नीट झटकलं जायचं नाही. आत्याबाई म्हणायच्या, "अगं, झाडल्याबिगर वाळत घालू नको. लाकूड हुतंय त्याचं." आणि अर्ध्या वाळल्यावर त्या पुन्हा उठून जायच्या, दोरीवरचं एकेक कापड दोन्ही तळव्यांत धरून चोळायच्या, बाजू बदलून पुन्हा टाकायच्या. मला तेव्हा ते उगीचचं काम वाटायचं. जपानच्या प्रयोगशाळेत जे सापडलं ते त्यांच्या तळव्यांना माहीत होतं.

आता मशीन आहे. मी धुणं नदीवर न्या म्हणणार नाही. त्या पाट्यांनी किती बायकांच्या माना आणि कंबरा गेल्या ते मी पाहिलंय. पण मशीननं आपटणं आणि पिळणं घेतलं, झटकणं काही घेतलं नाही. तेवढं आपण सोडून दिलं आणि त्याच्या जागी बाटली आणली.

माझ्या माहेरच्या गोधडीची गोष्ट सांगते. ती माझ्या आजीनं शिवलेली. आत तिचीच तीन लुगडी आणि आजोबांचं धोतर, वरून धावदोरा, बोटभर अंतरावर. ती गोधडी अंगावर घेतली की जो मऊपणा लागतो, तो मला कुठल्याही दुकानात मिळालेला नाही. नवं कापड गोधडीला कुणी घेत नाही. बाळंतपणात बाळोती करायलाही जुनीच धोतरं, जुनीच लुगडी फाडायची, नव्या कापडाचं बाळोतं कुणी करत नसे. शेकडो वेळा धुऊन, वापरून, अंगाला लागून लागून त्या सुताचा ताठा गेलेला असतो. त्यात वरून काही घातलेलं नसतं. उलट विणीतून सगळं निघून गेलेलं असतं. खळ गेलेली, रंग उतरलेला, धागा झिजलेला.

गाडगेबाबा जन्मानं परीट. त्यांच्या अंगावर चिंध्या जोडलेली गोधडी असायची, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावोगाव हिंडला, आल्या आल्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांची मनं झाडायचा. स्वच्छता म्हणजे घाण काढणं, ही त्यांची व्याख्या मला फार पटते. आपण कपड्यांच्या बाबतीत स्वच्छता म्हणजे वास, असं धरून बसलो आहोत. दोरीवरून काढलेला सदरा नाकाला लावायचा, फुलांचा वास आला तर धुतला गेला. वास्तविक स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाला जवळजवळ वासच नसतो. असलाच तर उन्हाचा.

त्या सुगंधाविषयी थोडं. तो चार-चार दिवस टिकावा म्हणून काही कंडिशनरमध्ये अत्तर अतिशय बारीक कुप्यांत भरलेलं असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कुप्या कृत्रिम बहुवारिकाच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या असतात. कापड घासलं गेलं की त्या फुटतात आणि वास येतो. धुण्याच्या पाण्याबरोबर त्यातल्या कितीतरी वाहून जातात. युरोपीय संघानं २०२३ साली मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर जे निर्बंध आणले, त्यांत या अत्तराच्या कुप्याही धरल्या आहेत आणि उत्पादकांना बदल करायला २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. आपल्याकडे यावर फारसं बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

सुगंधी द्रव्यांनी काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठतं. ज्यांना दमा आहे त्यांना तीव्र वासाचा त्रास होतो. धुण्याच्या वस्तूंत अॅलर्जी करणारी ठरावीक सुगंधी द्रव्यं असली तर त्यांची नावं वेष्टणावर छापायची, असा युरोपात २००५ पासून दंडक आहे. मी आमच्या बाटलीवर भिंग घेऊन शोधलं, तिथे नुसता 'सुगंध' हा शब्द होता. बाळाला काही झालं तर कशानं झालं, हे आई शोधणार कशी?

आणि आग. याचा विचार मी कधी केलाच नव्हता. टर्किश टॉवेल, फ्लॅनेल, लोकरीसारखे फुगीर कापडाचे स्वेटर, यांच्या लवीवर हा चरबीचा लेप बसला की ते अधिक चटकन पेट घेऊ शकतात. अमेरिकेत मुलांचे रात्रीचे बरेच कपडे आग लवकर न धरणाऱ्या कापडाचे करतात, आणि अशा कपड्यांना कंडिशनर लावू नका अशी सूचना तिथल्या बाटल्यांवर असते. आमच्याकडे अजून चूल आहे, थंडीत शेकोटी आहे, दिवाळीत पणत्या आहेत. लहान पोराच्या थंडीच्या कपड्यांना तरी हे लावू नये, असं मी आता ज्या घरी जाते तिथे सांगते.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते नदीचं.

भीमा भीमाशंकरला उगम पावते. आळंदी-देहूची इंद्रायणी तिला तुळापूरला मिळते. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसच्या शिवारात मिळते. तिथून भीमा उजनी धरणात जाते, उजनीतून पंढरपुरात, आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस साचलेला गेल्या काही वर्षांत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. वारकरी त्या फेसातून वाट काढत स्नान करतानाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. प्रक्रिया न केलेलं कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी हे त्याचं कारण सांगितलं गेलं, आणि त्यात धुण्याच्या पावडरींचा वाटा आहेच. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा करार २०१६ साली झाला. दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध व्हावं अशी ती योजना. ती वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि इतकी वर्षं मैलापाणी खाली आमच्याकडे येत राहिलं.

भीमेवर जागोजागी बंधारे आहेत. त्यांत पाणी अडतं आणि उन्हाळ्यात त्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. वरून पाहणाऱ्याला शेत वाटावं इतकी दाट. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन ती वाढते, शिवाय आमच्या उसाचं खतही त्यात उतरतं, हे मी लपवणार नाही. कंडिशनर जलपर्णी वाढवत नाही. पण ते दुसरं काही करतं. त्या कुळातले पदार्थ गाळाला धरून बसतात आणि पाण्यातल्या शेवाळाला, बारीक जिवांना बाधू शकतात, ज्यांच्यावर मासा जगतो. जुनी द्रव्यं पाण्यात फार काळ तशीच राहात, म्हणून १९९० नंतर युरोपात ती सोडून लवकर विघटन होणारी आणली गेली. ही सुधारणा खरी आहे, आणि तिचं श्रेय दिलं पाहिजे. पण लवकर विघटन म्हणजे शुद्धीकरण केंद्रात, जिवाणूंना वेळ आणि हवा मिळाली तर. आमच्या मोरीचं पाणी गटारात, गटाराचं ओढ्यात, ओढ्याचं भीमेत. मधे केंद्र नाही की टाकी नाही. घरामागे शोषखड्डा असला तर तेवढाच आधार.

पुण्याला नावं ठेवताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. वरच्यांनी घाण सोडली, आम्ही खालचे भोगतो, हे वाक्य मी ग्रामसभेतही बोलले आहे. मोरीत उभं राहून धुण्याच्या पाण्यावरची निळसर साय ओढ्याकडे जाताना पाहिली, तेव्हा लक्षात आलं की आमच्याही खाली कुणी आहे. उजनी आहे, तिच्यावर पाणी पिणारं सोलापूर आहे, पंढरपूर आहे. आषाढीला चंद्रभागेत स्नानाला पाणी हवं म्हणून उजनीतून सोडतात, आणि त्यात आमच्या वडगावावरून गेलेलंही असतं. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते तेव्हा आम्ही भाकरी-पिठलं घेऊन जातो, पाय धुतो. त्याच माणसांच्या स्नानाच्या पाण्यात माझ्या टॉवेलाचा लेप सोडायचा, हे मला सोसेना.

सुनेनं आणि मी मिळून काय काय केलं ते सांगते. टॉवेलांपासून सुरुवात केली. कोरड्या टॉवेलावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो मण्यासारखा उभा राहिला तर लेप आहे, लगेच जिरला तर नाही. आमचे सगळे थेंब उभे राहिले. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून टॉवेल तासभर भिजवले आणि नेहमीसारखे धुतले. तीनदा असं केल्यावर थेंब जिरायला लागला. ज्या दिवशी नातवाचं अंग त्या टॉवेलानं पहिल्या झटक्यात कोरडं झालं, त्या दिवशी सून हसली.

धुण्याचा सोडा ही साधी, स्वस्त वस्तू. खाण्याचा सोडा वेगळा, त्याची गफलत करू नये. जड पाण्यातले क्षार तो बाजूला काढतो, त्यामुळे पावडर निम्मी पुरते. आमची आता निम्म्यावर आली आहे आणि कपडे पहिल्यापेक्षा स्वच्छ निघतात. सोडा फक्त सुती कपड्यांना. रेशमाला आणि लोकरीला तो मारतो. हाताला जळजळ होते, म्हणून हातानं धुणार असाल तर बेतानं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पाण्यानं. पूर्वी मशीनमधून काढून एकदा बादलीत बुडवायचो. आता दोनदा, आणि दुसऱ्या बादलीत चहाचा अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवायचं. सोड्याचा आणि पावडरीचा उरलेला अंश ते काढतं. पांढरा व्हिनेगरही चालतो, पण लिंबूसत्त्व आमच्या दुकानात मिळतं आणि वास राहात नाही. सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच पाण्यात घालू नये, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काही राहात नाही. आणि हे फार काळजीपूर्वक ऐका. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात लिंबूसत्त्व, व्हिनेगर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. मशीनमध्ये रोज आंबट घातलं तर आतल्या रबराचं आयुष्य कमी होतं, म्हणून आम्ही ते बादलीतच करतो.

पाणी वाया जातं का, असं एका शेजारणीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. पहिल्या बादलीचं पाणी आम्ही पुढच्या धुण्याला घेतो, दुसरीचं अंगण आणि संडास धुवायला. पावसाळ्यात तर पागोळ्यांखाली पिंप लावतो. पावसाचं पाणी निर्मळ, क्षार नसलेलं. आत्याबाई त्या पाण्यानं केस धुवायच्या आणि शिकेकाईचा फेस दाखवायला मला हाक मारायच्या.

लोकरीला आणि जुन्या रेशमी साड्यांना आम्ही रिठाच वापरतो. तो कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचा. रिठ्याचा फेसही माशांना मानवत नाही, पूर्वी डोहात मासे धरायला काही ठिकाणी तो वापरत. म्हणून ते पाणी ओढ्याकडे न सोडता नारळाच्या आळ्यात ओततो. निसर्गातलं आहे म्हणून नदीला चालेल, असं काही नसतं.

वास हवाच असेल तर तो कापडाला न चोपडता पेटीत ठेवावा. आमच्या ट्रंकेत वाळलेल्या बकुळीची पुरचुंडी असते, कपाटात वाळ्याची जुडी, गरम कपड्यांत कडुनिंबाचा पाला. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाही.

आणि झटकणं. संध्याकाळी दोरीशी सून आणि मी समोरासमोर उभ्या राहतो. चादर दोघींनी धरायची, ताणायची, झटकायची. फट्ट आवाज येतो. नातू त्या आवाजाला टाळ्या वाजवतो. कपडे अर्धे वाळले की तीच उठते, चोळते, बाजू बदलते. मला सांगावं लागत नाही.

अर्धी बाटली अजून मोरीच्या फळीवर आहे. ती ओतून द्यायला मन होत नाही, कारण ओतली तर जाणार कुठे ते ठाऊक आहे. झाकण घट्ट लावून ठेवली आहे. तुमच्या घरी अशी बाटली असेल तर टॉवेल, पंचे आणि बाळाचे कपडे तिच्यापासून आजच बाजूला काढा. आणि ती संपली की नवी आणू नका.